दाद ना फिर्याद : गंभीर गुन्ह्याची वर्दी आणि आपले इंदूर



साहित्यसभेच्या व्यासपीठावर पोलीस ठाण्याचा विषय घेऊन कोणी उभे राहिले, तर आपल्याला थोडे नवल वाटेल. मलाही निमंत्रण स्वीकारताना तसे वाटले होते. पण हा विषय मला सुचला तो एका वाक्प्रचारामुळे. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याच्याविषयी आपण म्हणतो, 'त्याला ना दाद, ना फिर्याद.' हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले. फिर्याद म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक आणि दाद म्हणजे न्याय. आता गाण्याच्या बैठकीत आपण दाद देतो आणि कचेरीत दाद मागतो, ही आपल्या भाषेची गंमत. पण त्या जोडीतला क्रम लक्षात घ्या. आधी कोणीतरी हाक मारली पाहिजे. मग ती कोणीतरी ऐकली पाहिजे. आणि राज्यव्यवहारात ऐकणे याचा अर्थ लिहून घेणे.

याच कामासाठी आपल्याकडे आणखी एक चांगला शब्द आहे, वर्दी. हिंदीत वर्दी म्हणजे शिपायाचा गणवेश. मराठीत तो अर्थ आहेच, पण 'वर्दी देणे' म्हणजे घडलेली गोष्ट अधिकाऱ्याच्या कानावर घालणे. आपण इंदूरकर दोन्ही भाषांत वावरतो आणि 'ठाण्यात रपट लिहवून आलो' असे तिसरेच काहीतरी बोलतो. शब्द कोणताही घ्या, प्रश्न एकच आहे. खून, दरोडा, अपहरण यांसारखा गुन्हा घडला, तर तो सांगायचा कोणी, कोणाला, आणि ज्याला सांगितले त्याने तो लिहून घेतलाच पाहिजे असे बंधन त्याच्यावर आहे काय? या प्रश्नाचा इतिहास मला आज मांडायचा आहे. तो मांडताना आपल्या शहराच्या एका अवघड आठवणीपाशी थांबावे लागेल. ते मी टाळणार नाही.

१

लेखी कायद्याच्या आधी वर्दी देण्याची व्यवस्था नव्हती असे नाही. गावात पाटील होता, रखवालदार होता, आणि गुन्ह्याची खबर वर पोचवणे हे त्यांचे काम होते. शहरात कोतवाल होता. सगळ्यांच्या वर राजा किंवा त्याचा कारभारी. ही व्यवस्था माणसांवर उभी होती. माणूस चांगला असेल तर ती फार चांगली चाले.

त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच घरचे आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे महेश्वराहून राज्य चालवले. त्यांच्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम माळव्यात आला, तेव्हा त्या काळातली माणसे हयात होती. त्याने त्यांच्याकडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवली. बाई रोज दरबारात बसत आणि तक्रार घेऊन येणाऱ्याचे म्हणणे स्वतः ऐकत, असे त्याने लिहून ठेवले आहे. परक्या आणि जेत्या अधिकाऱ्याने केलेली ही नोंद आहे, म्हणून तिला वजन आहे.

पण त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू अहिल्याबाई हयात असतानाच पुण्यात दिसली. १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याने तेलंगी ब्राह्मणांना एका अरुंद जागेत कोंडून ठेवले आणि त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. आपल्याला हे नाव तेंडुलकरांच्या नाटकामुळे ठाऊक आहे. मला इथे एवढेच पाहायचे आहे की या गुन्ह्याची वर्दी कशी पोचली. शहरातली वर्दी घ्यायची ती कोतवालाने, आणि इथे आरोपी स्वतः कोतवाल. मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढले आणि बातमी पेशव्यांच्या कानावर घातली. ब्राह्मणांचा जमाव नाना फडणिसांच्या दाराशी जमला. शेवटी कोतवालाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि दगडांनी ठेचून मारण्यात आले.

यात दाद मिळाली असे म्हणता येईल. पण ती मिळाली याची कारणे दोन होती. कुलूप तोडण्याची ताकद असलेला एक सरदार तिथे होता आणि मेलेल्यांच्या बाजूने दारात बसायला मोठा समाज होता. या दोहोंपैकी काही नसलेला एखादा एकटा माणूस त्या कोठडीत मेला असता, तर त्याची वर्दी कोणी दिली असती, आणि कोणाला?

२

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी राज्याची यंत्रणा नव्याने बांधली. १८६० साली दंडसंहिता झाली आणि १८६१ साली पोलीस कायदा व फौजदारी कामकाजाची संहिता हे दोन्ही झाले. या संहितेच्या १३९ व्या कलमात साधी गोष्ट सांगितली होती. ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे गुन्ह्याची तक्रार किंवा माहिती आली की ती लिहून घ्यायची आणि तिचा सारांश रोजच्या नोंदवहीत घालायचा. १८८२ च्या संहितेत हा नियम १५४ व्या कलमात आला, १८९८ च्या आणि पुढे १९७३ च्या संहितेतही त्याच क्रमांकावर राहिला. वकिलांच्या तीन-चार पिढ्यांना '१५४' म्हटले की प्रथम खबर हेच आठवे.

दिल्लीच्या पोलिसांनी त्यांच्याकडची सर्वांत जुनी खबर जपून ठेवली आहे. १८ ऑक्टोबर १८६१ या दिवशी सब्जी मंडीच्या ठाण्यात ती उर्दूत लिहिली गेली. कटरा शीशमहल इथल्या मैउद्दीन नावाच्या रहिवाशाच्या घरातून स्वयंपाकाची भांडी, हुक्का आणि कुल्फी चोरीला गेली. एकूण किंमत ४५ आणे, म्हणजे २ रुपये १३ आणे. चार वर्षांपूर्वी ज्या शहरात हजारो माणसे मारली गेली आणि कोणी कोणाची नोंद ठेवली नाही, त्याच शहरात एका सामान्य माणसाच्या हुक्क्याची नोंद झाली. परक्या सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी हे केले, यात शंका नाही. पण एकदा वही उघडली की तिच्यात कोण काय लिहवील, हे सर्वस्वी सत्तेच्या हातात राहत नाही.

या खबरीचे मर्म थोडक्यात सांगतो, कारण सुशिक्षित घरांतही याबद्दल गैरसमज आहेत. खबर देणारा स्वतः पीडित असावा लागत नाही. त्याने गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला असावा लागत नाही. आरोपीचे नाव त्याला ठाऊक असावे लागत नाही. तो तोंडी सांगतो, अधिकारी लिहून घेतो, त्याला वाचून दाखवतो आणि त्याची सही घेतो. ती खबर म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पुरावा पुढे न्यायालयात द्यावा लागतो. खबरीची किंमत तिच्या वेळेत असते. अमुक दिवशी अमुक वाजता अमुक सांगितले गेले, हे कागदावर आले की मागाहून गोष्ट वाढवणे आणि दाबणे दोन्ही कठीण होते. म्हणूनच उशिरा दिलेल्या खबरीचे कारण न्यायालय विचारते.

१८९८ च्या संहितेत आणखी एक कलम होते, त्याची आठवण फारशी कोणाला नसते. ४४ वे. खून, दरोडा, घरफोडी, जाळपोळ, राज्याविरुद्धचे गुन्हे अशी कलमांची एक यादी देऊन ते सांगे की यांपैकी एखादा गुन्हा घडला आहे किंवा घडवण्याचा कोणाचा बेत आहे, हे ज्याला कळले त्या प्रत्येकाने ते जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला कळवलेच पाहिजे. वाजवी कारण असेल तर सूट होती, पण ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी गप्प बसणाऱ्यावर होती. म्हणजे गंभीर गुन्ह्याची वर्दी हा नागरिकाचा केवळ हक्क नव्हता, ते त्याचे कर्तव्य होते. त्या यादीत स्त्रीला पळवून नेणे नव्हते आणि बलात्कारही नव्हता. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

३

हे सारे झाले ब्रिटिश मुलखात. आपले शहर त्या मुलखात नव्हते. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, तेव्हापासून होळकरांचे राज्य इंग्रजांच्या अधीन झाले, पण अंतर्गत कारभार संस्थानाकडे राहिला. इंदुरात रेसिडेन्सी आली आणि महूला लष्करी छावणी बसली. रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल, तर राजवाड्याभोवतीच्या वस्तीत होळकरांचा. आज रेसिडेन्सी कोठीपासून राजवाड्यापर्यंत आपण पंधरा-वीस मिनिटांत येतो. शंभर वर्षांपूर्वी तेवढ्या वाटेत माणूस एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात येत असे.

संस्थानाला न्यायव्यवस्था नव्हती असे कोणी समजू नये. होळकर राज्यात न्यायालये होती, पोलीस होते, लेखी कायदे होते आणि शिकलेले न्यायाधीश होते. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात तर हे शहर अनेक बाबतींत पुढे होते. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरले, आणि १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी शहररचनेचा जो अहवाल लिहिला, तो दरबारासाठी. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या राज्याची चाकरी केली, त्याच्या शाळांत शिक्षण घेतले. पण संस्थानी व्यवस्थेत एक गोष्ट जुन्या काळातलीच राहिली होती. न्यायाचा उगम राजा. तक्रार राजाच्या माणसांविरुद्ध असेल, तर ती ज्या दारात न्यायची ते दार राजाचेच.

४

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर संध्याकाळी एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हा तरुण आणि श्रीमंत व्यापारी होता. तो मुंबई महापालिकेचा सदस्यही होता. बरोबर त्याचा व्यवस्थापक आणि मुमताज बेगम ही तरुणी. मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने वाट अडवली. उतरलेल्या माणसांनी मुमताजला बाहेर ओढायचा प्रयत्न केला, बावलावर गोळ्या झाडल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. बावला त्यात मरण पावला.

बेत फसला तो योगायोगाने. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच रस्त्याने आले. लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातली गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर चाल केली. त्यांना गोळी लागली, तरी एक हल्लेखोर जागीच पकडला गेला. मुमताज वाचली आणि साक्ष द्यायला उरली.

तपास इंदूरपर्यंत पोचला. आरोपी नऊ होते. त्यांत होळकर संस्थानाच्या पोलीस व लष्करातली माणसे होती. शफी अहमद होता, शामराव दिघे होता, पुष्पशील पोंडे होता. फौजेतले बडे अधिकारी आनंदराव फणसे होते, आणि त्यांच्या बचावासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात बॅरिस्टर जीना उभे राहिले. खटला न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे चालला. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. फणशांची फाशी टळली. या माणसांच्या मागे आणखी कोणी होते, ते कोण हे नेमके सांगता येत नाही, पण त्यासाठी इंदूरकडे पाहणे अवाजवी ठरणार नाही, अशा आशयाचे न्यायमूर्तींनी सांगितले.

मुमताज जवळजवळ दहा वर्षे महाराजांच्या आश्रयाला होती. तिने न्यायालयात सांगितले की आपण नजरकैदेत असल्यासारख्या होतो. इंदुरात आपल्याला मुलगी झाली, ती दाईंनी मारली आणि त्यानंतर आपल्याला तिथे राहायचे नव्हते, असेही तिने सांगितले. ती निसटून अमृतसरला, आईच्या जन्मगावी गेली, आणि पुढे मुंबईला आली. बाळाबद्दलचा तिचा आरोप कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही, म्हणून तो सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. मात्र तो जाहीर नोंदीत आला तो मुंबईच्या न्यायालयात, दुसऱ्याच गुन्ह्याच्या साक्षीत, आणि तेही एक माणूस मेल्यानंतर.

कायद्याच्या अभ्यासकाला इथे एक विलक्षण गोष्ट आढळते. १८९८ च्या संहितेतले पोलिसांविषयीचे नियम मुंबई शहराच्या पोलिसांना सरसकट लागू नव्हते. शहरासाठी १९०२ चा वेगळा पोलीस कायदा होता. म्हणजे खबर लिहून घेण्याचे १५४ वे कलम मलबार हिलवर त्या अर्थाने चालत नव्हते. वर्दी देण्याचे ४४ वे कलम मात्र इलाख्याच्या शहरांतही लागू आहे, असे त्या कलमाच्या आरंभीच म्हटले होते. नागरिकाचे कर्तव्य सगळीकडे, पोलिसाचे लिहिण्याचे कर्तव्य ठिकाण पाहून. आणि ४४ व्या कलमाच्या यादीत पळवून नेणे नव्हते, हे मी मघाशी सांगितलेच. एखाद्या बाईला तिच्या मनाविरुद्ध डांबून ठेवले आहे असे ब्रिटिश मुलखातल्या शेजाऱ्याला कळले असते, तरी ते पोलिसांना कळवण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. कायद्याच्या लेखी ती सक्ती सुरू होणार होती खून झाल्यावर किंवा खुनाचा बेत कळल्यावर.

मग तो बेत कोणालाच कळला नव्हता काय? नऊ माणसे खटल्यात उभी राहिली. मोटारी आणि पिस्तुले जमवायची, माणसांनी इंदुराहून मुंबईला जाऊन राहायचे, हे सारे कोणाच्याही कानावर न जाता होत नाही. कोणाला काय ठाऊक होते हे मी सांगू शकत नाही आणि कोणावर आरोपही करणार नाही. पण आपल्या शहराचा स्वभाव मला माहीत आहे. सराफ्यात दुपारी झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रामबागेत पोचते. ती गोष्ट ठाण्यात मात्र पोचत नाही.

इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा राज्य सोडावे. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी तिसऱ्या तुकोजीरावांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही. त्यामुळे ते दोषी होते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि निर्दोष ठरले असेही म्हणता येत नाही. इंग्रजांना संस्थानिकाला नमवायची ही आयती संधी मिळाली, हेही खरे आहे. पण त्या संधीमागे एका माणसाचे प्रेत आणि एका बाईचा चिरलेला चेहरा होता, हे त्याहून खरे.

जुन्या मराठी घरांत या प्रकरणाविषयी बोलत नसत. माझ्या लहानपणी आमच्या घरी 'महाराज विलायतेला गेले' एवढेच वाक्य असे. का गेले, हे विचारले की कोणीतरी पाणी आणायला पाठवी. मुंबईत या घटनेवर त्याच साली 'कुलीन कांता' नावाचा मूकपट निघाला आणि लोकांनी तो तिकीट काढून पाहिला. इंदुरात आम्ही मोठे झालो तरी आरोपींची नावे आम्हांला ठाऊक नव्हती. यात राजनिष्ठा होती, कृतज्ञता होती, थोडी भीतीही होती. मी त्या पिढीला दोष देत नाही. पण घरात पडलेली ही सवय घरापुरती राहत नाही. मोठ्या माणसाचे नाव आले की आवाज खाली आणायचा, हे मूल ऐकून शिकते.

५

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला आणि इंदूर संस्थान त्यात विलीन झाले. १९५१ साली फौजदारी कामकाजाची संहिता जुन्या संस्थानी प्रदेशांनाही लागू करण्यात आली. राजवाडा आणि रेसिडेन्सी एका कायद्याखाली आले. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, तेव्हा नागरिकाचे वर्दी देण्याचे कर्तव्य ३९ व्या कलमात गेले. खबर देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि ठाण्याने नकार दिला तर टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवता आली पाहिजे, हेही लिहिले गेले.

तरीही एक फट उरली होती. पोलीस म्हणत, आधी चौकशी करू, तथ्य वाटले तर गुन्हा नोंदवू. कुठल्याही गावात, कुठल्याही ठाण्यात हे चाले. मी वकिली करत असताना माझ्या शेजारच्या एका कुटुंबाने हे भोगले. प्रवासात असताना त्यांच्यावर लुटीचा प्रसंग आला. ते उतरले त्या गावच्या ठाण्यात गेले, तर हद्द आमची नाही म्हणून त्यांना पुढे धाडले. पुढच्याने मागे धाडले. दोन दिवसांनी इंदूरला आल्यावर ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, चोरांनी एकदाच लुटले हो." त्यांनी पुढे तक्रार केलीच नाही. त्या गुन्ह्याची आज कोणत्याही वहीत नोंद नाही, म्हणजे सरकारच्या लेखी तो घडलाच नाही.

ही फट सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी बुजवली. गाझियाबादकडच्या एका लहान मुलीच्या अपहरणाची तक्रार तिच्या वडिलांनी केली होती आणि ती वेळेवर नोंदवली गेली नव्हती. ललिता कुमारी प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की खबर नोंदवणे बंधनकारक आहे. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी अशा थोड्या प्रकारांत आधी अल्प चौकशीची मुभा ठेवली. १८६१ पासून १५२ वर्षे 'लिहून घ्यावे' असे कायदा म्हणत होता. 'लिहून घ्यावेच लागेल' हा त्याचा अर्थ इतक्या ठामपणे सांगायला एवढा काळ गेला.

त्याच साली, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, कायदा बदलला. बलात्कार, आम्लहल्ला यांसारख्या गुन्ह्यांची खबर जाणूनबुजून नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरू लागला. त्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. वर्मा समितीच्या अहवालानंतर 'शून्य क्रमांकाची खबर' रूढ झाली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोर आलेल्या ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. माझ्या शेजाऱ्यांना हा शून्य वेळेवर मिळाला असता तर बरे झाले असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुने १५४ आता १७३ झाले आहे आणि नागरिकाच्या कर्तव्याचे कलम ३३. आज आपल्यापैकी कोणावर वेळ आली तर काय करावे? तातडीचे असेल तर ११२ क्रमांक लावावा. एरवी कोणत्याही ठाण्यात जावे, तोंडी सांगावे, लिहिलेले वाचून घ्यावे, मगच सही करावी आणि प्रत मागावी. ती फुकट मिळते आणि पीडितालाही मिळते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. शिक्षा तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी असेल, अशा गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. खुनासारख्या गुन्ह्याला ही सबब चालत नाही. ठाण्याने नकार दिला तर लेखी मजकूर पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पाठवावा. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे तो पोलीस उपायुक्त. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. मुद्दाम खोटी खबर देणे हा गुन्हा आहे. पण चांगल्या हेतूने दिलेली खबर पुढे सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

नागरिकाच्या कर्तव्याच्या यादीत आता खंडणीसाठीचे अपहरण आणि माणसांची तस्करी आली आहे. बलात्कार अजूनही त्या यादीत नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिच्या इच्छेला मान असावा, असे त्याचे समर्थन करता येते. बालकांच्या बाबतीत मात्र २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर वर्दीची सक्ती केली आहे. शाळा, शिकवणी, नातेवाईक कोणीही असो, कळले तर कळवायचे. घरची अब्रू हे कारण तिथे चालत नाही.

६

मित्रहो, हा इतिहास दोन वह्यांचा आहे असे मला वाटते. एक वही ठाण्यातली. ती उघडायला १८६१ साल लागले, आपल्या शहरात सगळ्यांसाठी एकच व्हायला १९५१, आणि ती मिटून ठेवण्याचा अधिकार काढून घ्यायला २०१३. त्या वहीविषयी आता कायद्याने सांगायचे बरेचसे सांगून झाले आहे. ठाण्यातला अनुभव अजून कायद्यासारखा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण कलमाचे नाव घेऊन शांतपणे उभा राहिलेला नागरिक आज रिकाम्या हाताने परत पाठवणे पूर्वीइतके सोपे नाही.

दुसरी वही आपल्या मनातली. बावला प्रकरणात ज्यांनी हाक ऐकली ते रस्ता ओलांडणारे अनोळखी लोक होते. परके होते, राज्यकर्त्या जातीचे होते, आणि म्हणून निर्भय होते, असे म्हणता येईल. त्यांना इंदूरच्या दरबाराचे काही देणे नव्हते. आपल्या लोकांना होते. देणे असताना सांगणे कठीण असते, हे मी मान्य करतो. परंतु फिर्यादीची गरज नेमकी तिथेच असते, कारण ज्याच्याविरुद्ध बोलायला कोणाला भीती वाटत नाही, त्याच्याविरुद्ध बोलायला लोक पुष्कळ असतात.

आपली घराणी इथे दोनशे वर्षांहून अधिक काळ आहेत. या मातीचे खाल्ले, या राज्याचे मीठ खाल्ले. त्या मिठाला जागायचे असेल तर महेश्वरच्या दरबाराची आठवण पुरेशी आहे. तिथे तक्रार घेऊन येणाऱ्याचे ऐकून घेतले जाई, अशी आठवण म्हाताऱ्या माणसांनी माल्कमला सांगितली. आपल्या नातवंडांना आपण १९२५ सालचे काय सांगतो, हे प्रत्येकाने घरी जाऊन ठरवावे. मी माझ्या नातीला गेल्या महिन्यात सारे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, त्या बाळाचं नाव काय होतं?"

ते नाव कोणत्याही नोंदीत मला मिळालेले नाही.